दोन दोर, तीन मैत्रिणी

"मिस मेरेडिथ, आमच्या उड्यांनी तुमचं डोकं दुखतं, मग तुमच्या वर्गातल्या उड्यांनी कसं नाही दुखत?"

हे विचारायची पैज टायेशाच्या मैत्रिणींनी, कियोना आणि ब्रिएलने, लावली होती. टायेशाने ते भर गल्लीत, पायऱ्यांवर बसलेल्या समस्त आज्या-मावश्यांसमोर विचारून टाकलं. ब्रुकलिनच्या या काळ्यांच्या गल्लीत मिस मेरेडिथ नुकत्याच राहायला आलेल्या गोऱ्या बाई. आल्या आल्या तक्रार करून त्यांनी तिघींचा दोन दोरांवरच्या उड्यांचा खेळ फुटपाथवरून बंद पाडला होता, आणि आता त्यांच्याच खिडकीत पाटी झळकत होती: 'मनःशांतीसाठी दोरउड्यांचे वर्ग'!

"अगं, तुमचा तो गोंगाट, आमचा तो व्यायाम," मिस मेरेडिथ गोड हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण दोन दोर एकदम फिरवतात कसे गं? वर्गातले सगळे तोंडावर आपटतात. तुम्ही शिकवाल का?"

"बाईची हिंमत तरी बघा!" कियोना फणकारली. "चल गं, घरी चल."

"थांब जरा," टायेशा म्हणाली. तिच्या डोळ्यांत वेगळीच चमक होती.

जेवताना तिने घरी जाहीर केलं,

"आई, बाबा, माझं ठरलंय. उद्यापासून मिस मेरेडिथना आम्ही तिघी शिकवणार, त्यांच्याच खिडकीखाली, फुटपाथवर. आणि पहिला धडा हाच, की बेंबीच्या देठापासून ओरडून गाणं म्हटल्याशिवाय दोराला ताल येतच नाही!"