धोका नोंदवला आहे

लोणी देवकरच्या एका कारखान्यात धोक्यांच्या अभ्यासाची बैठक चालली होती. साहेब प्रश्न वाचत होते, अनिता मॅडम उत्तरं कॉम्प्युटरवर टाकत होत्या.

"सांडपाण्याच्या टाकीत वायू साठून माणूस दगावण्याची शक्यता?"

"आजवर अशी घटना नाही," मॅडम म्हणाल्या.

त्याच टाकीवर वडिलांच्या जागी लागलेला दिग्विजय दाराशी उभा होता. "मॅडम, आमचं तात्या त्याच टाकीत गेलं की."

"कुंडलिकराव हार्ट ॲटॅकनं गेले. अहवालात तसंच आहे."

"बरूबर उतरलेला गडी बी त्याच टायमाला बेशुद्ध पडला हुता, मॅडम. आन् आजून झाकण उघडलं का तात्यांचा आवाज येतो. दोर वढा म्हणत्यात."

कुणी हसलं नाही. मॅडमनी चष्मा पुसला. "आवाजासाठी रकाना नाहीये रे."

साहेब मुळात कनवाळू. ते म्हणाले, "पोरगं घाबरलंय. काहीतरी उपाय लिहा, आणि या वेळी तो अमलातही आणा."

मॅडमनी कुंडलिकरावांच्या मृत्यूचा अहवाल पुन्हा नीट वाचला आणि त्याला धरूनच उपाय लिहिला. त्यानुसार दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या गाडीनं, कारखान्याच्या खर्चानं दिग्विजयला इंदापूरला नेऊन त्याचा ईसीजी काढला.

साहेबांनी तो उजेडात धरून पाहिला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"घोड्यासारखं हृदय आहे तुझं. उतर बिनधास्त."