तळटीप क्रमांक त्रेसष्ट

तोंडी परीक्षेला वीस मिनिटं उरली असताना कामगार मदत केंद्राच्या ताई धापा टाकत जिना चढून आल्या आणि त्यांनी प्रकल्पाची प्रत तिच्या मांडीवर उघडी ठेवली. पान एक्केचाळीस. ताईंचं बोट पानाच्या तळाशी होतं.

"हे कुणी लिहिलं?"

तिनंच लिहिलं होतं. कायद्याच्या शेवटच्या वर्षाच्या या मुलीला वर्ग तळटीपबाई म्हणायचा, कारण आधार दिल्याशिवाय ती साधं 'आज उकडतंय' असंसुद्धा म्हणायची नाही. पदवीचा प्रकल्प तिनं ताईंच्या केंद्राबरोबर केला होता. सहा महिने ती कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या बायकांशी बोलत होती. नाव एकीचंही घातलं नाही, नुसते क्रमांक घातले. क्रमांक तीननं सांगितलं होतं, की वाफेनं हात भाजला तर बिनपगारी घरी बसवतात, वर कोऱ्या कागदावर सही घेतात. कच्च्या मसुद्यात मार्गदर्शक सरांनी या वाक्यापुढे लाल शाईनं 'आधार?' असं लिहिलं. मग तिनं इमानेइतबारे आधार दिला: प्रत्यक्ष मुलाखत, इस्त्री विभाग, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली, जुळ्या मुली शाळेतून यायच्या आधी.

"इस्त्रीत जुळ्या मुलींची आई एकच आहे," ताई म्हणाल्या. "बाहेर तोंड उघडणार नाही असं कारखान्यानं लिहून घेतलंय तिच्याकडून. हे कळलं तर उद्या कामावरून काढतील. घरात दुसरं कमावणारं कुणी नाही."

परीक्षकांशिवाय हे बाड वाचणार कोण, असं ती चाचरत म्हणाली. ताईंनी तिला दारावरचा कागद दाखवला. बाहेरचे परीक्षक आजारी पडले होते आणि त्यांच्या जागी सकाळीच एका वकिलाचं नाव चिकटवलं होतं. त्या कारखान्याचे सगळे कागद हाच वकील बघायचा. 

नाव वाचताच तिचं डोकं भराभर चालू लागलं. एक पान बदलून मागावं, तर तो नेमकं तेच पान उघडणार. नक्कल केल्याचं कबूल करावं, तर प्रती पुरावा म्हणून जप्त होणार. तो नियम तिला तोंडपाठ होता. राहता राहिला एकच मार्ग. परीक्षा सुरू व्हायच्या आत प्रकल्प मागे घेतला, तर सगळ्या प्रती परत मिळतात आणि वर्ष फुकट जातं. तिकडे बाबांनी अख्ख्या नात्यागोत्यात सांगून ठेवलं होतं, की मुलगी या उन्हाळ्यात वकील होतेय.

ती आत गेली. टेबलामागे विभागप्रमुख, सर आणि तो वकील बसले होते. वकिलानं आपली प्रत मिटून हातात धरली होती आणि खुणेसाठी आत बोट घालून ठेवलं होतं. तिची नजर त्या बोटावरून हलेना.

प्रकल्प मागे घेते, माझी तयारी नाही, असं तिनं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. ते तिला बसायला सांगू लागले, पाणी पुढे करू लागले. विभागप्रमुखांनी नियम वाचून दाखवला आणि अर्ज पुढे सरकवला. तिनं सही केली. दोन प्रती टेबलावरून तिच्याकडे आल्या.

"इतक्या तळटीपा दिल्यात," वकील म्हणाला, "आणि तयारी नाही म्हणता?"

 एक शब्द जास्त गेला, तर हा माणूस प्रत उघडेल याची तिला खात्री होती. तिनं नुसता हात पुढे केला. 

"मला वाचायला आवडलं असतं," वकील म्हणाला. मग त्यानं सावकाश बोट काढून घेतलं आणि प्रत दिली.

बाहेर आल्यावर तिसरी प्रत उघडायला तिला धीर होईना. शेवटी ताईंनीच ती ओढून घेतली. वकील पेन्सिल घेऊन वाचणारा माणूस होता. सुरुवातीपासून एकही पान त्यानं सोडलं नव्हतं. कोपऱ्यात बारीक बरोबरची खूण, कुठे प्रश्नचिन्ह. ताई पानं उलटत गेल्या. छत्तीसवर खूण होती. सदतीसवर होती. अडतीसवर, अर्ध्या पानाशी, पेन्सिल थांबली होती.

पुढची पानं त्यांनी दोनदा तपासली. मग त्या मटकन बाकावर बसल्या.

"तीन पानं उरली होती," त्या म्हणाल्या. त्यांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "वर्ष गेलं गं तुझं."

तिचे डोळे भरून आले होते. तरी तिनं पर्समधून पेन काढलं, एक्केचाळिसावं पान उघडलं आणि तळटीप गिरगटून टाकली. वरचं वाक्य तेवढं राहिलं, भाजलेल्या हाताचं आणि कोऱ्या कागदाचं. आता त्याला कसलाच आधार नव्हता. पेन क्षणभर घुटमळलं आणि मग तिनं तेही खोडलं.

"जुळ्यांची आई विचारेल मला, काय झालं आमच्या प्रकल्पाचं," ताई म्हणाल्या. "काय सांगू?"

"सांगा," तळटीपबाई म्हणाली, "त्यात क्रमांक तीन कुणी नव्हतंच."