ढिगाखालचे बूट

हिरवी लेस दिसली आणि राधिकाच्या हातातलं मसालेभाताचं भांडं कलतं झालं.

पुढच्या दाराशी पाहुण्यांच्या बुटांचा ढीग होता. शैलजाकाकूंचे काळे, रुंद बूट आडवे पडले होते. त्यांच्याखालून एका मरून बुटाची हिरवी लेस बाहेर आली होती. ते बूट उर्वीचे होते. सकाळी, कोणी यायच्या आधी, तिने पायऱ्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलं होतं आणि बूट तिथेच वाळत ठेवून ती वरच्या खोलीत गेली होती. तिच्याकडे तेवढा एकच जोड होता. दोन आठवड्यांपूर्वी ती श्रूजबरी गावातल्या राधिकाच्या या घरी आली, तेव्हा पायात ते बूट होते, मनगटाला प्लास्टर होतं आणि सोबत एकही बॅग नव्हती.

सोमवारी कोर्टात तारीख होती. तोवर ती कुठे राहते हे नवऱ्याला कळता कामा नये, असं वकिलाने बजावलं होतं. आणि तिचा नवरा शंतनू या क्षणी बुटांच्या ढिगाशेजारच्या बाकावर, मांडीवर प्लेट घेऊन बसला होता.

नाताळच्या आधीच्या शनिवारचं जेवण दर वर्षी राधिका आणि विवेककडे असे. यंदा ते कॅन्सल केलं असतं किंवा एकट्या शंतनूला वगळलं असतं, तर त्याला संशय आला असता. म्हणून त्यालाही बोलावलं होतं. ती हिरवी लेस त्याच्याच धावायच्या बुटातली होती. उर्वीची लेस तुटली तेव्हा त्यानेच ती ओवून दिली होती.

शंतनू हसतमुख होता. बायको घर सोडून गेली हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. निघणाऱ्या प्रत्येक बाईला तो उठून कोट धरून देत होता आणि विचारत होता, "उर्वीचा फोन आला होता का गं? नागपूरला गेलीये, आईकडे. टाइम डिफरन्समुळे माझेच कॉल मिस होतात यार."

नाही म्हणून बायका बूट चढवत होत्या. ढीग कमी होत होता.

राधिका स्वयंपाकघरात शिरली. "बूट," ती विवेकच्या कानाशी म्हणाली.

"कोणाचे?"

"तिचे. दारात."

विवेक चहा तसाच टाकून गेला. "जरा हे सरकवतो, वाट अडतेय," म्हणत तो वाकला. शंतनूने त्याचा हात धरून त्याला बाकावर बसवलं. "राहू दे रे. दिवसभर पळतोयस. बस."

राधिका मागे वळली, तर शैलजाकाकू ओट्याशी उभ्या होत्या. काकू निवृत्त डॉक्टर. काकूंना सांगितलं की ग्रुपवर टाकावं लागत नाही, असं सगळे म्हणत. आज त्या सर्वांच्या आधी आल्या होत्या आणि तेव्हापासून राधिका त्यांना टाळत होती. आता त्यांनी एका झाकलेल्या ताटावरचं झाकण उचललं होतं.

"हे कोणाला गं?"

"विवेकला. रात्री भूक लागते त्याला."

"विवेक वांगं कधीपासून खायला लागला?"

काकूंनी झाकण परत ठेवलं. "चला," त्या मोठ्याने म्हणाल्या, "आमच्या ड्रायव्हरने गाडी तापवली असेल." काकूंचे यजमान मनोहरकाका केव्हाचे बाहेर गाडीत जाऊन बसले होते.

राधिका त्यांच्यामागे धावली. चार वाजताच अंधारून आलं होतं. दाराशी जेमतेम पाच-सहा जोड उरले होते. काकूंनी आपले बूट उचलले की खालचे उघडे पडणार होते.

"काकू, चहा घेऊन जा ना."

"दोनदा झाला."

"मग करंज्या देते बांधून."

"शुगर आहे मला. मारतेस का?"

काकू जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. गुडघे चोळले. पायातले जाड लोकरीचे मोजे काढले. आपले बूट पुढ्यात ओढून, वाकून थोडा वेळ खुडबुडत राहिल्या. मग त्यांनी ते बूट भिंतीशी लोटले, मरून जोड ओढला आणि त्यात पाय घातला. टाच आत जाईना.

शंतनूचा चमचा प्लेटवर थांबला.

"काकू, हे उर्वीचे बूट आहेत."

"तिचेच," काकू लेस सैल करत म्हणाल्या. "नागपूरला निघताना मला देऊन गेली. तिथे कुठला आलाय बर्फ?" मग त्यांनी मान वर केली. "का, गेली नाही का ती नागपूरला?"

कोट घालणाऱ्या दोघी बायका थांबल्या. शंतनूने त्यांच्याकडे पाहिलं. मग बुटांकडे.

"गेलीये ना," तो म्हणाला. "गेलीये."

"मग झालं. हात दे जरा, गाडीपर्यंत सोड मला. आणि तूही नीघ आता, रस्ता गोठतोय."

त्याने प्लेट ठेवली. आपले बूट घातले. काकूंनी त्याचा दंड घट्ट धरला आणि टाचा बाहेर, बूट फरफटवत, त्या त्याला बर्फातून घेऊन गेल्या. थोड्या वेळाने दोन गाड्या निघाल्याचा आवाज आला. पुढे काकांची, मागे त्याची.

सगळे गेल्यावर दाराशी एकच परका जोड उरला. वरून सगळं ऐकत बसलेली उर्वी खाली आली.

"काकूंना कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही." राधिका त्या काळ्या बुटांकडे पाहत होती. सगळ्यांच्या आधी आलेल्या बाईने ते रिकामी फरशी सोडून नेमके उर्वीच्या बुटांवर आडवे टाकले होते.

"आणि सोमवारी मी काय घालू?"

उर्वीने एक बूट उचलला. तो दोन नंबर तरी मोठा होता. तिने पाय आत सरकवला आणि तिची बोटं कसल्याशा मऊ गोष्टीला टेकली. तिने हात घालून पाहिलं. लोकरीचा मोजा घट्ट घडी करून बुटाच्या टोकात दाबून बसवलेला होता. दुसऱ्या बुटातही होता.