जमीन गोठण्याआधी

सळई मुठीपर्यंत आत गेली. आर्व्होने ती उपसली, टोकाला चिकटलेली ओली माती बोटाने पुसली आणि आभाळाकडे पाहिलं. डिसेंबर अर्धा सरला होता आणि तलावावरून येणारा वारा एप्रिलसारखा मऊ होता.

‘‘अजून नाही,’’ तो स्वतःशीच म्हणाला.

मिशिगनच्या या उत्तर टोकाला एरवी या दिवसांत खिडकीच्या चौकटीपर्यंत बर्फ असे. मागच्या दारापासून सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, खोपटापर्यंत त्याला फावड्याने वाट खणावी लागे. त्याची बायको लेम्पी अंगाला टॉवेल गुंडाळून त्या वाटेने पळत यायची, थंडीला शिव्या घालत. जन्म याच गावातला, पण बर्फाशी तिचं कधी जमलं नाही. मे महिन्यातसुद्धा तिच्या पायात लोकरीचे मोजे असायचे. रात्री गार पडलेले पाय ती त्याच्या पोटऱ्यांना टेकवायची आणि तो दचकला की हसायची.

नोव्हेंबरच्या अखेरीस ती गेली.

गावाचा रिवाज जुना होता. हिवाळ्यात कुणी गेलं की शवपेटी टेकडीवरच्या दफनभूमीत, दगडी खोलीत ठेवायची. जमीन गोठलेली, खड्डा खणायचा तो थेट मे महिन्यात. खणणारा रूडी शाळेत आर्व्होच्या वर्गातला. प्रार्थना आटोपल्यावर त्याने हळूच विचारलं होतं, ‘‘जमीन अजून मऊ आहे. उद्याच खणू का?’’

‘‘राहू दे. गोठेलच आता. मेमध्ये बघू.’’

तेव्हापासून आर्व्हो रोज सकाळी अंगणात सळई खुपसत होता आणि रोज दुपारी टेकडीवर जाऊन त्या खोलीच्या पायरीवर बसत होता. दाराच्या आत लेम्पी होती. दाराशी बोलता येत होतं. मातीशी काय बोलणार? एकदा जमीन गोठली की मेपर्यंत तिला त्याच्याजवळून कुणी नेणार नव्हतं.

पण जमीन गोठेना. गावाबाहेर बर्फ मोजायची उंच फळी होती, तिच्यावर कुणीतरी उन्हाळ्यातली गवती हॅट अडकवून ठेवली. दुकानातली इर्मा म्हणाली, ‘‘आर्व्हो, गवत कापायचं यंत्र आत ठेवलंस का? काढ बाहेर. परवा येऊन माझंही कापून दे.’’ सगळे हसले. आर्व्होने वेलची घातलेला पाव घेतला आणि घरी आला. लेम्पी हाच पाव घरी करायची. त्याला विकतच्याला वास येईना.

रूडी दर रविवारी चर्चबाहेर गाठायचा. ‘‘म्हाताऱ्या, डिसेंबरात खड्डे खणतोय मी. माझ्या बापाने कधी खणले नव्हते. लेम्पीचं काय ठरलं?’’

‘‘थांब म्हटलं ना.’’

‘‘मी थांबतो रे. माझं काय जातंय? तूच त्या पायरीवर बसून गोठशील, मग मला शेजारीशेजारी दोन खणावे लागतील.’’

नाताळ तोंडावर आला आणि वारा फिरला. शनिवारी सकाळी सळई अंगठ्याएवढी आत गेली आणि ठक्क करून थांबली. आर्व्होने दुसरीकडे खुपसली. तिथेही ठक्क. जे हवं होतं ते झालं होतं.

तो परत फिरला तो भाजीच्या वाफ्यावरून. ऑक्टोबरात लेम्पीने तिथे मेपलची पानं आणि पेंढा यांचा ढीग घातला होता. नुसत्या सवयीने त्याने ढिगातून सळई दाबली. ती मुठीपर्यंत आत गेली.

आर्व्हो गुडघ्यावर बसला. त्याने पानं बाजूला सारली, हातमोजा काढला आणि मातीत हात घातला. गाजरं हाताला लागली. दर नाताळला लेम्पी बर्फ उकरून इथून गाजरं काढायची. तो चेष्टा करायचा, तेव्हा म्हणायची, ‘‘गारठा सगळा वरच असतो रे. खाली ऊब असते. मला विचार.’’

बाहेरचा हात बधिर झाला होता. मातीतला नव्हता. मग त्याला ती दगडी खोली आठवली. लोखंडी दार, उघड्या दगडाच्या भिंती, शेगडी नाही. इतके दिवस तो कोट घालून बाहेर बसला होता. आत कसं असेल, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

त्याने रूडीला फोन लावला. ‘‘खण.’’

‘‘आज? मी शहरात आलोय, लेकीकडे. उद्या सकाळी पोचेन आणि तोवर जमीन लोखंड झालेली असेल. रात्री बर्फही आहे. आत्ता सुचलं तुला?’’

‘‘तू ये. जमीन मी सांभाळतो.’’

त्याने वाफ्यावरची सगळी पानं आणि पेंढा पिकअपमध्ये भरला. गाजरं उघडी पडली, पडू दिली. घरातून गोधड्या काढल्या, लेम्पीने शिवलेलीसुद्धा. टेकडीवर तिच्या आईवडिलांच्या शेजारी जागा राखलेली होती. तिथली वरची कडक माती त्याने कुदळीने फोडली, तिच्यावर पानं पसरली, त्यावर पेंढा, त्यावर गोधड्या. कडांना दगड ठेवले. अंधारून आलं तेव्हा पहिला बर्फ पडायला लागला.

सकाळी टेकडी पांढरी झाली होती. रूडी गाडी खाली सोडून गुडघाभर बर्फातून फावडं घेऊन वर आला. आर्व्हो आधीच आला होता. त्याने बर्फ लोटला, गोधड्या उचलल्या, पेंढा सारला. जमिनीतून बारीकशी वाफ निघाली. रूडीने सळई टेकवली. ती मुठीपर्यंत आत गेली.

रूडी त्याच्याकडे वळला. ‘‘इतके दिवस गोठायची वाट बघत होतास,’’ तो म्हणाला, ‘‘आणि गोठायला लागली तर पांघरूण घालून बसलास. का रे?’’

आर्व्हो गोधडीवरचा बर्फ झटकत होता.

‘‘तिला थंडी सोसत नाही,’’ तो म्हणाला.