काम सोडण्याचं कारण

मालकीणबाईंनी पावत्यांचं पुस्तक बाजूला सारलं, चष्मा चढवला आणि मुलीने पुढे केलेला बायोडाटा लाँड्रीच्या काउंटरवर हाताने सपाट केला. बस म्हणाल्या नाहीत. तशी तिथे बसायला जागाही नव्हती.

मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत औषधांच्या कारखान्यात दोन महिन्यांचं काम निघालं होतं, गोळ्यांची पाकिटं तपासून खराब निघतील ती वेगळी काढायचं. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत होती. कॉलेजातल्या बाईंनी तिचा बायोडाटा पाहून सांगितलं, नुसत्या मार्कांवर कुणी कामाला घेत नाही. तुला काम करताना ज्याने पाहिलंय अशा एका तरी माणसाचं नाव आणि फोन नंबर खाली हवा. असं नाव तिच्याजवळ एकच होतं, लाँड्रीच्या मालकीणबाईंचं. आई म्हणाली, काहीही कर, पण त्या बाईच्या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस. तीन दिवस मुलगी लाँड्रीवरून नुसतीच पुढे गेली. चौथ्या दिवशी आत शिरली.

मालकीणबाई ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या. मध्येच एक गिऱ्हाईक आलं. त्याचे दोन कोट घेतले, चिठ्ठ्या टाचल्या, पावती फाडली, आणि बोट पुन्हा नेमकं त्याच ओळीवर आलं.

“प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “मनमिळाऊ खोड.”

मुलीने पिशवीतून पेन काढलं आणि शब्द खोडला.

“अनुभव, लाँड्रीत एक महिना.” त्यांनी मान वर केली. “महिनाभर होतीस तू?”

मुलीने कागदाकडे पाहिलं.

“एकोणीस दिवस होतीस. विसाव्या दिवशी सरकारी साहेब आले. तो दिवस मी धरत नाही.”

मागच्या उन्हाळ्यात, चादरींना इस्त्री करायच्या मोठ्या मशीनच्या गरम रुळांत इस्त्रीवाल्या मावशींचा उजवा हात सापडला होता. रुळांपुढे असायला हवी ती जाळी जागेवर नव्हती. साहेब चौकशीला आले तेव्हा मालकीणबाईंनी सांगितलं की जाळी आदल्याच दिवशी दुरुस्तीला काढली. मावशींनी तर दवाखान्यातल्या खाटेवरून जबाब दिला की चूक माझीच, माझंच लक्ष नव्हतं. मुलीलाही काय बोलायचं ते नीट समजावून ठेवलं होतं. पण साहेबांनी विचारल्यावर तिने सांगून टाकलं, मी आले त्या दिवसापासून जाळी नव्हती. लाँड्रीला दीड महिना टाळं लागलं. मुलीला त्याच दुपारी घरी पाठवलं गेलं.

“काम सोडण्याचं कारण,” मालकीणबाई पुढे वाचू लागल्या, “कॉलेज सुरू झालं.” त्यांनी चष्मा काढला. “कॉलेजला अजून महिना होता. त्या साहेबांपुढे तुझ्याने एक दिवससुद्धा इकडचा तिकडे झाला नाही. आणि इथे कागदावर सरळ अकरा दिवस वाढवलेस.”

बाई ओरडतील, वाटेल ते बोलतील, हाकलून देतील, या सगळ्याची तयारी करून मुलगी आली होती. याची तयारी तिने केली नव्हती.

“चुकलं माझं, काकू,” ती म्हणाली आणि कागद ओढू लागली. मालकीणबाईंचा हात कागदावर तसाच होता.

“खरं लिही.”

“मला काढून टाकलं असं माझ्याच हाताने लिहू? मग कोण घेईल मला?”

आतल्या खोलीत मशीन घरघरत होतं. ते थांबलं आणि इस्त्रीवाल्या मावशी घडी केलेल्या चादरींचा ढीग घेऊन बाहेर आल्या. ढीग त्यांनी डाव्या हाताने छातीशी धरला होता. उजव्या हाताची तीन बोटं मिटत नसत, त्यामुळे तो हात नुसता खालून टेकू देत होता. मुलीने त्यांना अपघातानंतर पाहिलंच नव्हतं. तिची नजर आधी हाताकडे गेली आणि मग तिने ती वळवली.

“आलीस का,” मावशी म्हणाल्या. एवढंच.

मालकीणबाईंनी मुलीच्या हातातून पेन घेतलं. ‘एक महिना’ खोडून वर ‘एकोणीस दिवस’ लिहिलं. मग काम सोडण्याच्या कारणापाशी बराच वेळ पेन धरून राहिल्या. कॉलेजची ओळ आडवी कापली आणि पावतीवर लिहीत तसल्या मोठ्या, सुट्या अक्षरांत तिच्याखाली काहीतरी लिहिलं. सगळ्यात शेवटी आपलं नाव घातलं, फोन नंबर घातला, आणि आकडे एकदा ओठांतल्या ओठांत वाचून पाहिले.

“त्यांचा फोन आला तर हेच सांगेन,” त्या म्हणाल्या.

“काय लिहिलं?” मावशींनी विचारलं.

मालकीणबाईंनी पुन्हा चष्मा लावला. “मीच काढून टाकलं. चूक तिची नव्हती.”

मावशी चादरी घेऊन तशाच उभ्या होत्या. “कुणाची?”

मालकीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. ते मुलीपुढे ठेवलं, कागदही ठेवला.

“तुमची दोघींचीही नव्हती,” त्या म्हणाल्या. मग काउंटरला वळसा घालून त्या मावशींकडे गेल्या आणि ढीग घ्यायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

मावशींनी चादरी सोडल्या नाहीत.