आधी दोरी

"नाव लिहिलेलं नाही, पण अक्षर तू ओळखशील." कामतसाहेबांनी कामगार बायकांकडून भरून घेतलेला एक फॉर्म रोहिणीपुढे सरकवला. "उद्यापासून ही बाई काजू कारखान्यात नको. आणि तुझी नोकरीही अजून कायम झालेली नाही."

'कामात समाधान कशाने वाटेल?' या प्रश्नाखाली लिहिलं होतं: 'बसायला स्टूल द्या. मुकादम पाणी प्यायलाही उठू देत नाही.' अक्षरांवरची रेघ शेवटी किंचित वर गेली होती. कारखान्यातल्या पारूमावशीचंच अक्षर!

"ओळखलंस ना?"

"हो. बाबांचं अक्षर आहे."

"थट्टा करतेस? तुळसकरांना जाऊन महिना झाला."

"जेवणाच्या सुट्टीत ते इथल्या बायकांना लिहायला शिकवायचे, साहेब. 'आधी दोरी बांधा गो, मग कपडे वाळत घाला,' म्हणायचे. आधी रेघ, मग अक्षरं. बाकीचे फॉर्म बघा ना."

साहेबांनी गठ्ठा ओढला. उरलेल्या सोळाजणींनी भीतभीत 'समाधान आहे' एवढंच लिहिलं होतं. पण प्रत्येक कागदावर तीच लांब रेघ होती आणि तिला लटकलेली तीच टपोरी अक्षरं.

"यातली ती बाई नेमकी कोणती?" साहेब कडाडले.

महिनाभर रोहिणीला बाबांची डायरी उघडवली नव्हती. आता ते सतरा कागदांवरून तिच्याकडे बघत होते. तिने पारूमावशीचा फॉर्म गठ्ठ्यावर ठेवला आणि कडा नीट जुळवल्या.

"सगळी अक्षरं बाबांचीच आहेत," ती म्हणाली. "स्टूल मात्र सतरा लागतील."