पासष्ट टक्के

पालघरच्या अपंगत्व तपासणी शिबिरात आत सतरावा नंबर चालू होता, अनुजचा बावीस. बाकावर हेमालीच्या एका बाजूला अनुज, दुसऱ्या बाजूला भावना. शेजारीण म्हणून सोबतीला आलेली. येणारच! तिला काय, तिची पोरगी तिकडे शाळेत मदतनीस बाईच्या शेजारी आरामात बसलेली.

गेलं वर्षभर हेमाली या भावनावर जळत होती. दोघी तारापूरच्या किनाऱ्यावर एकाच आळीतल्या, शेजारी शेजारी बोंबील वाळत घालणाऱ्या. दोघींची पोरं स्वमग्न, दोघं एकाच वर्गात. भावनाच्या रूपलला अपंगत्वाचे पासष्ट टक्के लिहून मिळाले आणि अनुजला तीस. चाळीसच्या वर असेल त्याला शाळेत मदतनीस, खाली असेल त्यानं आपलं आपण बघावं. रूपल एक अक्षर बोलत नव्हती, पण घंटा वाजायच्या आत तिची मदतनीस सपनाताई तिचे कान झाकायची, हाताला धरून बाहेर न्यायची. अनुज मात्र घंटा झाली की बाकाखाली शिरायचा आणि ओढायला येईल त्याला चावायचा. परवा वर्गाच्या बाईंनी सांगूनच टाकलं होतं, “मी एकटी चाळीस पोरं सांभाळते. मदतनीस नाही मिळाली तर जूनपासून याला घरीच ठेवा, ताई.”

आणि भावनानं ते सर्टिफिकेट प्लास्टिकमध्ये घालून घेतलेलं. पासष्ट! जशी काही पोरगी बोर्डात आलेली. ती ते उघडून दाखवायला लागली की हेमालीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तशी चूक हेमालीचीच होती. गेल्या वर्षी तिनं अनुजला पावडर लावून, इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात सोन्याची चेन अडकवून आणलं होतं. बिस्किटं देऊन देऊन पंधरा दिवस हात जोडायला शिकवलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, चावतो का, रडतो का, रात्री झोपतो का? हेमाली म्हणाली, “लय गुणी हाय पोर, साहेब. कसला तरास नाय.” दहा वर्षं बोईसरच्या बाजारात मासळी विकणारी बाई ती. आपल्या टोपलीतलं म्हावरं वाईट म्हणायला तिची जीभ रेटेल कशी? भावना मात्र डॉक्टरांपुढे ढसाढसा रडली होती.

“या वेळी जे हाय ते सांग गो,” भावना म्हणाली. “झाकू नको काय.”

“कळतं मला,” हेमाली फटकन म्हणाली. आता पासष्टवाली तीसवालीला शिकवणार! जळ्ळं मेलं नशीब.

बावीस नंबर पुकारला. आत डॉक्टर मॅडम होत्या. भावना अनुजचं दप्तर घेऊन मागच्या खुर्चीवर बसली. हेमालीनं पदर खोचला आणि या वेळी टोपलीच उलटी केली. “चावतो, मॅडम. हा बघा माझा हात. रात रात जागा असतो. हळदीला बेंजो वाजला तर भिंतीवर डोकं आपटतो. केस कापायला चौघांनी धरावं लागतं.” यातलं एकही ती कधी कुणापुढे बोलली नव्हती, नवऱ्यापुढेही नाही. “सगळ्या बोटींची नावं घेतो, मॅडम. माशांची घेतो. सात वर्षांचा झाला, पण मला अजून एकदा हाक नाय मारली.”

मॅडम लिहीत होत्या. त्यांनी अनुजला रंगीत ठोकळे दिले, टाळी वाजवून बघितली, नाव विचारलं. अनुजनं ढुंकून पाहिलं नाही. पंख्याच्या वाऱ्यानं टेबलावरच्या कागदाचा कोपरा फडफडत होता, तेवढाच तो बघत बसला. शेवटी मॅडमनी हेमालीकडे बोट दाखवलं.

“अनुज, ही कोण रे?”

मान वर न करता अनुज म्हणाला, “आई.”

स्वच्छ. मोठ्यानं. मागे भावनाच्या मांडीवरचं दप्तर धपकन खाली पडलं.

मॅडमचा पेन कागदाकडे वळला. हेमालीला फक्त तो पेन दिसला. तिनं झेप घेऊन दोन्ही हात कागदावर ठेवले.

“लिहू नका, मॅडम! काय नाय बोलला तो. चुकून आलं असेल तोंडातून. त्याला नाय येत हाक मारता. याच्या गळ्याशपथ!”

मॅडमनी तिचे हात हळूच बाजूला केले. “ताई, एका शब्दानं टक्के कमी होत नाहीत. त्याला मदत लागणारच आहे. पंचावन्न लिहिलेत मी.”

पंचावन्न! हेमालीला मॅडमचे पाय धरावेसे वाटले. जूनमध्ये अनुज शाळेत जाणार. त्याच्याही शेजारी बाई बसणार, त्याचेही कान कुणी झाकणार. अनुजला खेचतच ती बाहेर आली. भावना केव्हाच उठून गेली होती. दप्तर छातीशी धरून ती भराभर फाटकाकडे चालली होती.

“भावना! अगो थांब ना! पंचावन्न आले!”

भावना थांबली. वळली. तिचे डोळे लालबुंद झाले होते. पंचावन्नाचं तिला काही घेणंदेणं नव्हतं. ती अनुजच्या तोंडाकडे बघत होती.

“तुला एवढा नकोसा झालेला तो शब्द,” ती म्हणाली, “तर मला द्यायचास गो.”